लिलावानंतरचा चढाईपटू

प्रो कबड्डी लीगच्या लिलावात दरवर्षी जेवढ्या खेळाडूंवर बोली लागते, त्याच्या कितीतरी पट चढाईपटू देशभरातील महाविद्यालयांच्या मैदानांवर तयार होत असतात; त्यांतील बहुसंख्यांचे नाव लिलावाच्या यादीपर्यंत पोहोचत नाही, आणि ज्यांचे पोहोचते त्यांतील अनेकांचे नाव पुकारले गेल्यावर एकाही संघाचा हात वर होत नाही. बोली न लागलेला हा महाविद्यालयीन चढाईपटू या प्रकरणाचा विषय आहे. त्याच्यापुढे कोणत्या वाटा उरतात, त्यांतील कोणती वाट उपजीविकेपर्यंत जाते आणि कोणती नुसतीच लांबत राहते, याचा विचार येथे यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे गाव समोर ठेवून केला आहे. इंग्रजी अमदानीत हा जिल्हाच काही काळ वणीच्या नावाने ओळखला जात असे. आज हा तालुका कापूस, राजूरच्या चुनाभट्ट्या आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी यांवर जगतो. व्यावसायिक कबड्डीचे एकही केंद्र येथून जवळ नाही. महाराष्ट्राच्या नावावर असलेले यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन्ही संघ राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. 2017 च्या पाचव्या हंगामात बेंगळुरू बुल्सने आपले घरचे सामने नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात खेळले होते, एवढाच काय तो विदर्भाचा या लीगशी आलेला ठळक संबंध.

प्रथम लिलावाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. 26 जुलै 2014 रोजी आठ संघांनिशी सुरू झालेली ही लीग 2017 पासून बारा संघांची झाली. प्रत्येक संघाला 18 ते 25 खेळाडू ठेवता येतात, म्हणजे सर्व संघ पूर्ण भरले तरी देशात आणि परदेशात मिळून जास्तीत जास्त 300 जागा होतात. त्यांपैकी बऱ्याच जागा आधीच्या हंगामातून कायम ठेवलेल्या खेळाडूंनी व्यापलेल्या असतात, तर काही इराणसारख्या देशांतील खेळाडूंकडे जातात. 2025 मध्ये 31 मे आणि 1 जून रोजी मुंबईत झालेल्या बाराव्या हंगामाच्या लिलावात 500 हून अधिक नावे होती. खेळाडूंची ‘अ’ ते ‘ड’ अशा चार गटांत विभागणी होते आणि त्यांच्या मूळ किमती, म्हणजे ज्या रकमेपासून बोली सुरू होते त्या रकमा, अलीकडच्या हंगामांत अनुक्रमे 30, 20, 13 आणि 9 लाख रुपये अशा राहिल्या आहेत. संघाच्या खर्चाला पाच कोटींची मर्यादा असल्यामुळे दोन-तीन मोठ्या नावांवर निम्मी रक्कम संपवणारा संघ उरलेल्या जागा शक्य तितक्या स्वस्तात भरतो, आणि तेथेच नवख्या खेळाडूला जागा मिळण्याची शक्यता निर्माण होते.

मात्र या शक्यतेतही चढाईपटूची बाजू लंगडी आहे. लहानपणी मैदानावर उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला चढाईच करायची असते, कारण टाळ्या चढाईला पडतात. परिणामी प्रत्येक महाविद्यालयाकडे चार-पाच बऱ्यापैकी चढाईपटू असतात आणि डावा कोपरा सांभाळणारा खात्रीचा पकडपटू क्वचितच असतो. सात जणांच्या संघात साधारणपणे तीन जणच नियमित चढाया करतात. त्यामुळे बोली न लागणे हा खेळाडूच्या गुणवत्तेवर दिलेला निकाल असतोच असे नाही. अनेकदा तो केवळ एका जागेसाठी झालेल्या गर्दीचा परिणाम असतो.

उशिरा वर आलेल्यांची उदाहरणे या संदर्भात नेहमी दिली जातात आणि ती खरीही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये 36.4 लाख रुपयांना यू मुंबाकडे गेला आणि त्या एका हंगामाच्या बळावर पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी रुपये मोजले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार पुणेरी पलटणीच्या युवा योजनेतून पुढे आला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळला आणि 1 मार्च 2024 रोजी दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवणाऱ्या पलटणीचा कर्णधार होता. परंतु या उदाहरणांच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. प्रदीप नरवाल हा लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक, म्हणजे 1,801 गुण मिळवणारा खेळाडू. 2021 मध्ये ज्याच्यासाठी 1.65 कोटी रुपये दिले गेले, त्याच नरवालवर 2025 च्या लिलावात एकाही संघाने बोली लावली नाही आणि त्यानंतर लगेच त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्या बाजारात असा खेळाडू न विकला जाऊ शकतो, त्या बाजारावर वणीच्या वीस वर्षांच्या मुलाने आपल्या आयुष्याचा सगळा हिशेब मांडू नये, हे उघड आहे.

आता हा खेळाडू कोणत्या पायऱ्या चढून लिलावाच्या जवळपास येतो ते पाहू. वणीतील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत. वर्धा नदी ओलांडली की मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो, आणि तेथील पहिले काही संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातात. राज्यातील विद्यापीठांसाठी राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होणारा क्रीडामहोत्सव ही आणखी एक पायरी आहे. 2020 मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी या साखळीला वरचे टोक दिले. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामासाठी 2022 मध्ये खेळाडूंची यादी तयार झाली, तेव्हा बेंगळुरूच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांचे 24 खेळाडू तीत घेण्यात आले. महाविद्यालयातून लीगपर्यंत जाणारा हा एवढा थेट मार्ग यापूर्वी नव्हता. त्याच वर्षी सुरू झालेली युवा कबड्डी सिरीज ही 23 वर्षांखालील खेळाडूंची स्पर्धा आहे, आणि लीगचे प्रशिक्षक ज्या सामन्यांवर लक्ष ठेवतात त्यांत तिचा समावेश होतो.

अमरावती विद्यापीठाच्या परिसराला कबड्डीची जुनी परंपरा आहे, याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. 1914 मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डीही होती. वऱ्हाडात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी ही संस्था आजही चालू आहे आणि वणी, मारेगाव, झरी जामणी या भागांतील शाळांच्या मैदानांवर तिच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांचा वावर राहिला आहे.

विद्यापीठाच्या साखळीशेजारी संघटनेची स्वतंत्र साखळी आहे, आणि येथे विदर्भाच्या खेळाडूची स्थिती उर्वरित महाराष्ट्रातील खेळाडूपेक्षा वेगळी आहे. अखिल भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा खेळतो. शालेय राष्ट्रीय स्पर्धांत अथवा खेलो इंडियात मात्र हाच मुलगा महाराष्ट्राचा असतो. या दुहेरी व्यवस्थेचा लाभ मोठा आहे: मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरी, सांगली, कोल्हापूर येथील चढाईपटूंशी स्पर्धा न करता वणीच्या खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेत राज्यस्तरीय घटकाचे प्रतिनिधित्व मिळू शकते. तोटाही तितकाच ठोस आहे. महाराष्ट्राच्या संघाने रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली 2018 मध्ये हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले, तेव्हा त्या संघातील राखीव खेळाडूच्याही नावापुढे ते अजिंक्यपद लागले. विदर्भाचा उत्कृष्ट चढाईपटू मात्र गटसाखळीतून बाहेर पडणाऱ्या संघात राहून वैयक्तिक गुण कितीही मिळवो, त्याच्या प्रमाणपत्रावर ‘सहभाग’ एवढाच शब्द येण्याची शक्यता अधिक असते. या शब्दाची किंमत पुढे कळते.

जगातील दुसऱ्या एका व्यावसायिक खेळाशी तुलना केल्यास कबड्डीतील उणीव नेमकी कोठे आहे हे ध्यानात येते. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत नॅशनल हॉकी लीगचे 32 संघ दरवर्षी सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. ज्याची निवड होत नाही त्याच्यासाठी अमेरिकन हॉकी लीग ही दुसऱ्या आणि ईसीएचएल ही तिसऱ्या पातळीची व्यावसायिक लीग असते. वरच्या लीगमधील संघांचे या खालच्या संघांशी करार असतात, तेथे पूर्ण हंगामाचा पगार मिळतो आणि चांगले खेळणारा वर बोलावला जातो. व्हरमाँट विद्यापीठाकडून खेळलेला मार्टिन सेंट लुई हा आघाडीचा खेळाडू कोणत्याही संघाने निवडला नव्हता. खालच्या लीगमधून चढत गेलेल्या या खेळाडूने 2004 मध्ये टँपा बे संघाबरोबर स्टॅन्ली चषक जिंकला आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडूही ठरला. तेथे नाकारलेल्या खेळाडूला आपला खेळ दाखवत राहण्यासाठी पगारी जागा मिळते. भारतीय कबड्डीत लीगच्या संघांनी काही युवा पथके उभी केली आहेत, परंतु लीगच्या खाली, तिच्याशी करारांनी जोडलेली आणि हंगामभर पोट भरेल अशी दुसरी लीग नाही.

ती जागा कबड्डीत नोकरीने घेतली आहे, आणि या विषयात हीच बाब सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्राच्या कबड्डीत ‘व्यावसायिक’ गट आहे. त्यात आस्थापनांचे, म्हणजे खेळाडूंना नोकरी देऊन बांधलेले संघ खेळत आले. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्र अँड महिंद्र, एअर इंडिया, बेस्ट, मुंबई पोलीस, निरनिराळ्या बँका ही नावे कबड्डीच्या रसिकाला तोंडपाठ असतात. देवाडिगा भारत पेट्रोलियमचा. 2016 ची विश्वचषक स्पर्धा गाजवणारा अजय ठाकूर हिमाचल पोलीस दलात अधिकारी झाला. सेनादल आणि भारतीय रेल्वे हे दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेत अनेक राज्यांना भारी पडतात याचे कारणही हेच की, तेथील खेळाडूला महिन्याचा पगार, सरावाची वेळ आणि मॅट या तिन्ही गोष्टी मिळतात. अशा संघात दोन-तीन वर्षे खेळलेला खेळाडू पुन्हा लिलावात येतो, तेव्हा तो अधिक वजनाचा, अधिक अनुभवी आणि प्रशिक्षकांच्या पाहण्यातला असतो. खासगीकरण आणि घटलेली भरती यांमुळे आस्थापनांची संख्या पूर्वीइतकी राहिलेली नाही हे खरे. तरीही लिलावात जागा न मिळालेल्यासाठी यापेक्षा खात्रीचा आधार आजही दुसरा नाही.

वणीच्या खेळाडूच्या दृष्टीने त्यातील सर्वांत जवळची वाट रेल्वेची आहे. माजरीहून तेलंगणाच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावरील वणी स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते. रेल्वेची खेळाडू भरती 18 ते 25 या वयोगटासाठी असते आणि त्यात वयाची सवलत कोणालाही नसते. निवडीच्या 100 गुणांपैकी 40 गुण प्रत्यक्ष चाचणीतील खेळ आणि तंदुरुस्ती यांना, 50 गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीला आणि 10 शिक्षणाला असतात. म्हणजे निम्मे गुण उमेदवार मैदानावर उतरण्यापूर्वीच कागदावर ठरलेले असतात. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत येणे किंवा वरिष्ठ आणि कुमार राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळून ठरावीक क्रमांकाच्या आत राहणे, अशा अटी वेगवेगळ्या स्तरांच्या पदांना लागू होतात. चाचणीत उत्तम खेळलेल्या मुलाला ‘सहभाग’ या शब्दापुढे जाता न आल्यामुळे मागे राहावे लागते ते येथे.

राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या अंतर्गत ठेवलेले. 1 जुलै 2016 च्या शासन निर्णयाने त्याचे नियम नव्याने बांधले गेले आणि कोणत्या गटातील पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागेल हे त्यात ठरवून दिले. पोलीस भरतीत या आरक्षणाचा लाभ ग्रामीण कबड्डीपटूंना विशेष होतो, कारण मैदानी चाचणीची त्यांची तयारी आधीच झालेली असते. मात्र प्रमाणपत्र सादर करणे पुरेसे नसते. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून, म्हणजे वणीच्या उमेदवाराच्या बाबतीत अमरावतीहून, ते खरे आणि पात्र असल्याची पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, त्या वर्षी संघटनेची मान्यता कायम होती का, संघांची संख्या पुरेशी होती का, असे प्रश्न तेथे विचारले जातात आणि त्यांची उत्तरे खेळाडूच्या हातात नसतात. कबड्डी महासंघाचा कारभार 2018 पासून न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे अनेक वर्षे राहिला, ही घडामोड दिल्लीतील वाटली तरी तिची झळ जिल्ह्यातल्या खेळाडूला याच मार्गाने लागू शकते. महासंघाबाहेर निघालेल्या लीगबाबत तर अधिक सावध राहावे लागते. 2019 मध्ये पुणे, म्हैसूर आणि बेंगळुरू येथे झालेली इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग एका वेगळ्या, मान्यता नसलेल्या संघटनेच्या पाठबळावर उभी राहिली आणि एका हंगामानंतर पुढे गेली नाही. अशा स्पर्धेतील मानधन हातात पडते, परंतु भरतीच्या गुणपत्रकात तिला स्थान नसते.

गावोगावच्या खुल्या स्पर्धा ही या खेळाडूच्या आयुष्यातील तिसरी बाजू आहे. दिवाळीनंतर पिके निघू लागली की विदर्भात प्रकाशझोतातील सामने सुरू होतात. कोठे खुला गट असतो, कोठे वजनी गट, आणि चांगल्या चढाईपटूला दुसऱ्या गावचे मंडळही आपल्या संघातून खेळण्यासाठी बोलावते. रोख बक्षिसाचा वाटा, जाण्यायेण्याचा खर्च आणि रात्रीचे जेवण यांवर एक हंगाम निघतो. या सामन्यांनीच कबड्डी जिवंत ठेवली आहे, आणि ज्या प्रेक्षकांसमोर वणी परिसरातील मुले धीट होतात ते प्रेक्षकही तेथलेच. म्हणून त्यांना कमी लेखणे हा अन्याय होईल. पण वयाच्या बावीस ते पंचवीस या निर्णायक वर्षांत एखादा खेळाडू केवळ याच सामन्यांत गुंतून राहिला, तर त्याचे नाव चार तालुक्यांत होते आणि नोंद कोठेच होत नाही. शिवाय कठीण मातीवर, कधी अपुऱ्या प्रकाशात, रोज नव्या संघाविरुद्ध खेळताना गुडघ्याच्या अस्थिबंधाला झालेली इजा शस्त्रक्रियेपर्यंत जाते, आणि खर्च बहुतेक वेळा घरच्यांवरच येतो.

खेळाच्या अंगानेही या खेळाडूला काही बदल करावे लागतात. मातीवर तयार झालेला चढाईपटू पाय घट्ट रोवून, पकडपटूला अंगावर घेऊन मध्यरेषेकडे झेपावतो. मॅटवर बुटांची पकड आणि हालचालींचा वेग दोन्ही वाढतात, साखळी क्षणात आवळली जाते आणि तीस सेकंदांची चढाई मातीपेक्षा छोटी वाटू लागते. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. अशी तिसरी चढाई हमखास यशस्वी करणाऱ्या आणि सहा पकडपटू समोर असताना बोनस रेषा ओलांडून गुण आणणाऱ्या दुय्यम चढाईपटूला संघ शोधत असतात. गावच्या सामन्यात तोच खेळाडू मुख्य चढाईपटू असल्याने हे काम शिकण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. लिलावात चढाईपटू, पकडपटू आणि अष्टपैलू अशा वेगळ्या याद्या असतात. ज्याला चढाईबरोबर मध्यरक्षकाची जागा सांभाळता येते आणि कोपरारक्षकाला वेळेवर साथ देता येते, त्याची गणना कमी गर्दीच्या यादीत होते. केवळ चढाईवर विसंबलेल्या, सत्तर किलोच्या आतील वजनाच्या खेळाडूने विद्यापीठाच्या शेवटच्या दोन वर्षांत हा बदल करणे हा त्याच्या भवितव्याच्या दृष्टीने सर्वांत फलदायी निर्णय ठरतो.

खेळणे थांबल्यानंतरची वाट अनेकांनी पत्करली आहे: शारीरिक शिक्षणाची पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील प्रशिक्षक पदविका, पंचपरीक्षा. ही वाट सन्मानाची आहे, पण तीही पदवी पूर्ण झालेली असेल तरच खुली असते, आणि स्पर्धांच्या धांदलीत पदवी अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या या खेळात चिंता वाटावी इतकी आहे.

महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडे आणि जिल्हा संघटनांकडे एक मागणी म्हणूनच आग्रहाने करावीशी वाटते. विद्यापीठाच्या किंवा विदर्भाच्या संघातून खेळलेल्या प्रत्येक मुलाला स्पर्धा संपताच क्रमांक, दिनांक आणि पदाधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या असलेले प्रमाणपत्र हातात द्यावे, त्याची प्रत महाविद्यालयात ठेवावी, आणि पडताळणीचा अर्ज भरती निघण्याची वाट न पाहता त्याच वर्षी त्याच्याकडून भरून घ्यावा. रेल्वेच्या भरतीत पंचविसाव्या वर्षानंतर हे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही.